मामाच्या वाटेचा वारस

तमीमुंतचं तोंड आणि विहिरीचा दोर, एकदा सुटले की हाताला लागत नाहीत, असं सगळं वलाता गाव म्हणायचं. तिच्या माघारी म्हणायचं, एवढंच.

गावाबाहेरच्या वाळूत ज्या विहिरी होत्या, त्यातली गोड पाण्याची विहीर तिची. आईकडून तिच्याकडे आलेली, आईला तिच्या आईकडून. उत्तरेकडून मिठाचा तांडा यायचा झाला की तमीमुंत पखाली भरायची, उंटांवर लादायची आणि वाळवंटात तांड्याला सामोरी पाणी धाडायची. तिने दोन नवरे केले. दोघंही मिठाच्या रस्त्यावर गेले. एक मेला आणि दुसरा परतलाच नाही. "दुसऱ्याचं जास्त वाईट वाटतं," ती विहिरीवरच्या बायकांना सांगायची, "त्याच्याबरोबर माझा चांगला दोर गेला."

तिचा थोरला भाऊ यद्दर वाटाड्या होता. तांडा शेवटच्या विहिरीवर येऊन टेकला, की वाटाड्या तिथून एकटा पुढे निघायचा. मधलं सगळं कोरडं वाळवंट तोडून गावात यायचा आणि म्हणायचा, "निघालेत." मग पाण्याचे उंट त्याच्यामागून उलट चालू लागायचे आणि तहानलेला तांडा वाटेत गाठायचे. वाटाड्या आला नाही तर पाणी कुठे न्यायचं तेच कळत नसे, कारण तिथल्या टेकड्या आज इथे तर उद्या तिथे. यद्दर चिमूटभर वाळू नाकाशी धरायचा आणि सांगायचा, आपण कुठे आहोत ते. पोटच्या पोरासारखा तो मीठवाल्यांचा लाडका होता.

त्याचे डोळे गेले, आणि गोष्ट तिथून बिघडली.

वलात्यात मामाचं सगळं भाच्याला मिळतं. उंट, हत्यारं, नाव, धंदा. बापाची सावली मिळते फक्त, असं म्हणतात. यद्दरची बहीण एकच, तमीमुंत, आणि तिचा मुलगा एकच, यलूल. देखणा पोरगा. गळा असा, की त्याने विहिरीवर तान घेतली की बायका भरलेलं मडकं तसंच डोक्यावर धरून उभ्या राहायच्या. यद्दरचा स्वतःचा मुलगा वानूद मात्र लहानपणापासून बापाच्या उंटाची शेपटी धरून वाळवंट तुडवत आलेला. बोलायचा कमी. बोललाच तर लोकांना वाटायचं, आजारी आहे की काय.

एका दुपारी यद्दर काठी टेकत बहिणीच्या घरी आला. तिने बाजरीचं पीठ ताकात कालवून वर मध घालून वाडगा त्याच्या हातात दिला.

"तमी," तो म्हणाला, "यलूलला गाता येतं."

"येतं."

"वाळूला गाणं कळत नाही."

तिला कळलं होतं तो कशाला आलाय ते.

"हक्क तुझ्या पोराचा आहे. मी नाही म्हणत नाही. पण पाय वानूदचे आहेत. तू एकदा सभेत म्हटलंस, की माझा मुलगा वानूदला वाट देतो, तर कोणाची हरकत नाही. तुझ्या तोंडून आलं पाहिजे. माझ्या नाही."

"बघते, दादा."

"बघते म्हणजे?"

"म्हणजे बघते. ताक पी आधी, आंबेल."

तो गेल्यावर यलूल पडद्यामागून बाहेर आला. पुरुषांच्या रीतीने तोंडावर निळा फडका गुंडाळलेला, पण डोळे हसत होते. "आई, देऊन टाक ना. मला उंटावर बसलं की मळमळतं."

"मामाचं नाव टाकून देतोस?"

"नाव कुठे टाकतोय? फक्त उंट."

तीही हसली. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळपर्यंत तिने मनाशी ठरवूनच टाकलं होतं: द्यायचं. वानूद आपलाच आहे. बाहेरचा थोडाच आहे?

सभा फरबाच्या अंगणात भरली. फरबा म्हणजे माल्लीच्या राजाचा इथला माणूस. तो चटईवर बसायचा, मागे धनुष्यवाले उभे. उत्तरेच्या सौदागरांशी तो दुभाष्यामार्फत बोलायचा. ते हाताच्या अंतरावर उभे असायचे, त्याला त्यांची भाषा त्यांच्याइतकी येत होती, तरी दुभाषा. त्यांना त्यांची जागा कळावी म्हणून.

तमीमुंतने तोंड उघडायच्या आतच उत्तरेच्या सिजिल्मासा शहरातला सौदागर हम्दून पुढे झाला. त्याचा अर्धा माल दर हंगामाला याच वाटेने यायचा.

"फरबाला सांगा," तो दुभाष्याला म्हणाला, "आम्हाला यद्दरचा मुलगा हवा. जगात सगळीकडे बापाचं मुलाला मिळतं. इथेच सगळं उलटं. पुरुष तोंडं झाकतात, बायका उघड्या तोंडाने परपुरुषांशी गप्पा मारतात, आणि माणूस पोटचं पोर सोडून बहिणीचं पोर छातीशी धरतो. का, तर आपलं पोर आपलंच आहे याची खात्री कोणालाच नाही!"

यद्दरची मान खाली गेली. वानूद जागचा हलला नाही.

तमीमुंत उठली, कमरेवर हात ठेवला.

"सौदागर, पोर कोणाच्या पोटातून आलं ते सगळं गाव बघतं. कोणामुळे आलं हे तुमच्याकडे कोण बघायला जातं? तू स्वतः दिवा धरून उभा असतोस का?"

अंगण फुटलं. धनुष्यवालेसुद्धा हसले. फरबाने मिशीवरून बोट फिरवलं.

"बाई, थट्टा सोड," हम्दून लाल होऊन म्हणाला. "त्या गवयाच्या हाती शंभर माणसांचे जीव देणार आहेस?"

"माझा मुलगा यद्दरचा भाचा आहे. माझ्या आईच्या आईपासून ही वाट आमच्या कुशीतून चालत आलीय. ती तुला विचारून नाही आली. वाट यलूलची."

"तमी..." यद्दर हळूच म्हणाला.

"वाट यलूलची!"

फरबा खूश होता. न्याय झाला म्हणून नव्हे. हम्दूनचं तोंड पाहून. "रीत ती रीत," तो दुभाष्याला म्हणाला. "सांग त्यांना. आणि हेही सांग, की इथे येणारं मीठ त्यांचं असेल, वाळू आमची आहे."

बाहेर आल्यावर वानूद आत्याजवळ थांबला. तिला वाटलं, आता काहीतरी लागेल असं बोलेल. तो म्हणाला, "उंटाला कोरडा चारा कमी द्यायला सांग त्याला. तहान लागते." आणि निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून तो मिठाच्या वखारीत लाद्या उचलायला लागला.

पहिल्या हंगामात यलूल गेला आणि आला. आंधळा मामा त्याच्यामागे उंटावर बसून नाकाने वाट सांगत होता, हे सगळ्यांना माहीत होतं. कोणी बोललं नाही. तमीमुंत मात्र विहिरीवर बोलली. बरंच बोलली. "वाळूला गाणं कळतं, बरं का!"

दुसऱ्या हंगामात यद्दरच्या छातीत कफ भरला. यलूल एकटा गेला. शेवटच्या विहिरीवर जाऊन थांबायचं, तांडा आला की पुढे निघायचं.

मग एक शिकारी आला. रानबैलांच्या मागे फिरत तो शेवटच्या विहिरीपर्यंत गेला होता. विहिरीवर बसून घटकाभर गप्पा माराव्या तसा तो बोलून गेला, "तांडा मोठाय यंदाचा. पखाली सांधत बसले होते. तुमचा तो पोरगा गातो फार छान. सगळे उंटवाले भोवती जमले होते."

"कधीची गोष्ट?" तमीमुंतने विचारलं.

त्याने सांगितलं. तिच्या हातातला दोर सुटला आणि डोल खाली जाऊन आपटला. यलूल आतापर्यंत यायला हवा होता. येऊन जेवून झोपायला हवा होता.

"उशीर झाला असेल," शेजारची इज्जा म्हणाली. "गात बसला असेल कुठे."

"कुणासमोर ग, भवाने? वाळवंटात?"

ती तडक फरबाकडे गेली. तिच्या आधीच हम्दून तिथे उभा होता. तांड्यात त्याचा सख्खा भाऊ होता. आज त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पाणी सोडा," ती म्हणाली.

"कुठे सोडू?" फरबा म्हणाला. "वाळवंट काय अंगण आहे, सडा घालायला? वाटाड्याच्या शब्दावर पाणी जातं. ही तुमचीच रीत. गेल्या वर्षी तूच मला रीत शिकवलीस. आता अर्धी घेऊ आणि अर्धी सांडू?"

"वानूदला वाट येते."

"येते ना. मग आण त्याला. पण ऐक. विहिरी खाली गेल्यात. गावाच्या वाटणीचं पाणी देतोय मी, ते तांड्याचं आहे. त्यात राजाचं मीठ आहे. तांड्याच्या आधी एक घोटही कोणाच्या घशात जाता कामा नये. कोणाच्याही."

तिला कळलं तो कोणाविषयी बोलतोय ते. "नाही जाणार," ती म्हणाली.

वखारीत वानूद पाठीवर लादी घेऊन उभा होता. त्याने ती सावकाश उतरवली.

"सौदागर दोनदा येऊन गेला," तो म्हणाला.

"मग? बसलायस का अजून?"

"वाट माझी नाही, आत्या. तुझ्या पोराची आहे. तिच्यावर पाय ठेवला तर मी चोर. भर सभेत तूच म्हणालीस."

"म्हणाले."

"मग आता म्हण काय म्हणायचं ते."

वखारीतले हमाल कान देऊन उभे होते. तमीमुंत त्यांनाही ऐकू जाईल अशी बोलली. "यलूलची आई म्हणून सांगते. माझ्या पोराची वाट तुला उसनी देते."

"उसनी?"

"उसनी. तो आला की परत करायची."

वानूदने हातावरचं मीठ झटकलं. "बरं. उसनी."

गावातल्या बायकांनी घरातली मडकी आणून पखालींत ओतली. इज्जाने पोरांना पाजायचं ठेवलेलं आणलं. तमीमुंत स्वतः उंटांबरोबर निघाली. तिला कोणी अडवलं नाही. अडवायला तिच्यासमोर उभं राहावं लागलं असतं.

वानूद बापासारखी वाळू हुंगत नसे. तो टेकड्यांच्या पाठी बघायचा, वारा कोणत्या बाजूने चाटून गेलाय ते. दोघं दिवसच्या दिवस एक शब्द न बोलता चालत. एकदाच तिने विचारलं, "मी चुकले का रे?"

"ऊन चढायच्या आत ती टेकडी गाठू," तो म्हणाला.

टेकडीच्या पायथ्याशी ठसे दिसले. एकाच उंटाचे, उलट दिशेने येणारे. पुढचा डावा पाय जरा बाहेर फेकणारा उंट. तो तिने स्वतः निवडून घेतला होता, चाल मऊ म्हणून, यलूलला मळमळू नये म्हणून. ठसे तिथवर सरळ आले होते, गोलगोल फिरले होते, आणि मग मावळतीकडे निघून गेले होते. गाव होतं त्याच्या नेमक्या दुसऱ्या अंगाला.

"ताजे आहेत," ती म्हणाली. "कडा ढासळलेल्या नाहीत. जिवंत असेल."

वानूद वाकून बघत राहिला.

"बोल की मेल्या!"

"असेल. तांडाही असेल."

"जाऊन यायला किती लागेल?"

"लांब गेलाय. आजचा दिवस मोडेल. कदाचित उद्याचाही." तो उभा राहिला. "मी नाही ठरवणार, आत्या. वाट उसनी आहे. तू सांग."

"एक पखाल घेऊन मी एकटी जाते. तू पुढे हो."

"तू चुकशील. मग दोघांना शोधावं लागेल."

ती वाळूत बसली. तांड्यात किती माणसं असतील, ती मनात आणू लागली. उंटवाले, मीठ खणून परतणारे गुलाम, त्यांच्यातली कोणाकोणाची पोरं. आणि हम्दूनचा भाऊ. तो आठवला तेव्हा तिला वाटलं, मरू दे सगळ्यांना. मग इज्जाचं मडकं आठवलं.

"सरळ," ती म्हणाली.

निघताना तिने एक पखाल काट्याच्या झुडपाला टांगली, ठशांच्या तोंडाशी. फरबाचा शब्द मोडला. वानूदने पाहिलं आणि पाठ वळवली.

तांडा दुसऱ्या दिवशी भेटला. उंट मारून त्यांच्या पोटातलं पाणी पिऊन झालं होतं. माणसांच्या जिभा लाकडासारख्या. हम्दूनचा भाऊ पखालीला वासरासारखा लुचला, ओकला, पुन्हा प्याला. मग डोळे पुसत त्याने भोवती पाहिलं.

"तो गाणारा कुठाय? त्याला माझ्याकडून काहीतरी द्यायचंय. रडवलं त्याने आम्हाला त्या दिवशी."

तमीमुंतने त्याच्या हातातून पखाल काढून घेतली आणि पुढच्या माणसाला दिली.

परतताना ते ठशांपाशी आले. झुडपाला पखाल तशीच लटकत होती. तांडा पुढे लावून वानूद आणि ती मावळतीकडे वळले. ऊन डोक्यावर यायच्या आत यलूल सापडला.

म्हणजे तो लांब नव्हता.

उंट बाजूला मरून पडला होता. यलूलने तोंडावरचा फडका सोडून टाकला होता, श्वास पुरत नसावा. वयात आल्यापासून आईनेही त्याचं तोंड असं उघड्यावर पाहिलं नव्हतं. तिने आधी फडका गुंडाळला. नीट, नाकावरून, मिसरुडावरून. मग ती रडली.

"मला वाटलं, लांब गेला असेल," मागून वानूद म्हणाला. "ठसे तसे पडले होते."

तिने मान वळवली नाही. त्याला खरंच तसं वाटलं होतं का, हे तिने तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही कधी विचारलं नाही. रोज सकाळी विचारायचं ठरवायची. वानूद समोर आला की त्याचे ते थकलेले, यद्दरसारखे खांदे बघायची आणि "जेवलास का?" असं विचारायची.

पुढच्या सभेला फरबाच्या अंगणात दुभाषा नव्हता. फरबा आणि हम्दून एकाच चटईवर बसून थेट बोलत होते. तांड्याबरोबर फरबासाठी काय काय आलं होतं, ते त्याच्या अंगावर आणि अंगणात बांधलेल्या घोड्यांवर दिसत होतं.

"तमीमुंत," फरबा म्हणाला, "उसनं कधीतरी फिटतं. ज्याला परत करायचं तो राहिला नाही. म्हण, वाट वानूदची."

"वाट वानूदची," ती लगेच म्हणाली. हे तिने घरीच ठरवलं होतं. "त्याच्यानंतर ज्या कुशीची असेल तिची."

"तसं नको," हम्दून म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने; आता गरज नव्हती. "वानूदची, आणि त्याच्यानंतर त्याच्या मुलाची. मग त्याच्या मुलाची. दर वेळी बहिणी मोजत बसलो तर आमची माणसं मरतात. मेली असती."

"वानूदला मुलगा कुठाय?"

"होईल."

तिने भावाकडे पाहिलं. यद्दर आंधळे डोळे जमिनीला लावून बसला होता. त्याच्या हयातीत त्याने एवढीच गोष्ट मागितली होती, आणि ती आता त्याला मिळत होती. तिने वानूदकडे पाहिलं.

"तू सांग," ती म्हणाली. "तुला अशी पाहिजे?"

वानूद म्हणाला, "बायको पोटुशी आहे, आत्या."

एवढंच.

"फक्त तुझ्या तोंडून यायला हवं," फरबा मऊ आवाजात म्हणाला. "रीत आहे ना तुमची."

तिने म्हटलं. शब्द साधेच होते: वाट वानूदची आणि त्याच्या मुलांची. म्हणून झाल्यावर तिला वाटलं, काहीतरी आवाज होईल. काही झाला नाही. अंगणातला एक घोडा फुरफुरला.

हम्दूनने तिच्यापुढे एक घडी ठेवली. समुद्रापलीकडच्या फिरंग्यांच्या देशातलं जाड लाल लोकरीचं कापड. तिकडे म्हणे इतकी थंडी असते, की पाणी दगडासारखं होतं.

"हे कशाबद्दल?"

"तू आणलेल्या पाण्याबद्दल, बाई. माझ्या भावाने दिलंय. मनापासून."

"इथे हे पांघरून मी काय करू, सौदागर? उकडून मरू?"

या वेळी कोणी हसलं नाही. तिने कापड घेतलं. पाणी विकणाऱ्या बाईने दिलेलं नाकारायचं नसतं.

विहिरीवर बायका वाट बघत होत्या. इज्जाच्या मुलीचे दिवस भरत आले होते, तीही टेकून बसली होती.

"काय झालं ग?" इज्जाने विचारलं.

तमीमुंतने कापड विहिरीच्या कठड्यावर टाकलं आणि डोल दोराला बांधला.

"तुझ्या लेकीला सांग," ती म्हणाली, "मुलगा होऊ दे म्हणून नवस कर."

इज्जा हसायला लागली, कारण वलात्यात सगळं मुलीच्या कुशीतून पुढे जातं, असा नवस कोणी बाई करत नाही. मग तमीमुंतचं तोंड बघून तिचं हसू अर्ध्यावर राहिलं. पोरीने आईकडे पाहिलं, मग आपल्या पोटाकडे, आणि लुगड्याचा काठ त्यावर ओढून घेतला. तमीमुंतने डोल आत सोडला.